लेखकाची शोधयादी

कथा-कादंबरी लिहिणाऱ्याने आठवडाभरात इंटरनेटवर जे शोधलेले असते त्याची यादी एखाद्या अनोळखी माणसाच्या हाती पडली, तर तो माणूस बुचकळ्यात पडेल. आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यात, कामरगावात १९५५ साली घडणारी, विहिरीत सापडलेल्या प्रेताभोवती फिरणारी एक कथा कल्पावी. ती लिहिताना पडणारे प्रश्न असे असतात. बुडालेले प्रेत उन्हाळ्यात किती दिवसांनी वर येते? मण्यार चावलेला माणूस किती वेळ बोलू शकतो? त्या वर्षी चैत्री पौर्णिमा कोणत्या तारखेला आली? बैलाच्या गळ्यातली घंटा रात्री किती लांबून ऐकू येते? पायलीभर ज्वारीला किती आणे पडत? पंचनाम्यावर सही कोणाची? एकेकटा घेतला तर प्रत्येक प्रश्न विचित्र वाटतो, आणि सगळे एकत्र वाचले तर भीती वाटावी. प्रत्यक्षात त्या यादीत एका माणसाची मेहनत असते. आपल्या कथेत खोटे काही शिरू नये, एवढीच त्याची धडपड असते.

ही धडपड इंटरनेटहून फार जुनी आहे, आणि तिची सर्वांत व्यवस्थित मांडणी करणाऱ्या ग्रंथात वाशीमचेच नाव आहे. राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ इसवी सन ९०० च्या आसपासची. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात झाला, अशी कथा त्यात येते. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. या कथेचा उल्लेख जिल्ह्यातल्या साहित्यिक कार्यक्रमांत अभिमानाने होतो आणि तो अभिमान रास्त आहे. पण लेखकाच्या दृष्टीने याच ग्रंथाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. कवीने आशय कुठून मिळवावा याच्या सोळा उगमस्थानांची चर्चा राजशेखर करतो. श्रुती, स्मृती, इतिहास, पुराणे यांच्याबरोबर राजनीती, अर्थशास्त्र, कामशास्त्र आणि लोकव्यवहारही त्यात येतात. शेवटच्या दोन अध्यायांत तर तो देशविभाग आणि कालविभाग सांगतो: कोणत्या प्रदेशात कोणते पर्वत, नद्या आणि उत्पन्ने, कोणत्या ऋतूत कोणते वारे आणि कोणती फुले. कवीला बसल्या जागी ताडून पाहता यावे म्हणून केलेला हा कोश आहे. चकोर चांदणे पितो, कीर्ती पांढरी असते, हे कविसंकेत म्हणून तो मान्य करतो आणि त्यांना वेगळे अध्याय देतो. म्हणजे जाणूनबुजून केलेली कल्पना आणि अज्ञानातून झालेली चूक या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याने हजार वर्षांपूर्वी ठरवून टाकले. लेखकांच्या आजच्या शोधांचा सारा व्याप या एका भेदावर उभा आहे.

आधुनिक मराठीत हे काम ग्रंथांनी, पत्रांनी आणि पायांनी झाले. शालेय शिक्षण अमरावतीत घेतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी २३ खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला आणि ‘ब्राह्मणकन्या’सारख्या कादंबऱ्याही लिहिल्या; कोशकार आणि कादंबरीकार एकाच माणसात भेटल्याचे असे उदाहरण विरळा. परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांचे संदर्भग्रंथ म्हणजे गड आणि वाटा. भाक्रा-नांगल धरणावरची ‘आम्ही भगीरथाचे पुत्र’ असो की राजमाचीच्या परिसरातली ‘माचीवरला बुधा’, जागा पाहिल्याशिवाय असे लेखन होत नाही. ‘श्रीमान योगी’ लिहिणाऱ्या रणजित देसाईंना नरहर कुरुंदकरांनी लिहिलेले दीर्घ पत्र त्या कादंबरीला प्रस्तावना म्हणून जोडले गेले. शिवचरित्रातले कोणते प्रसंग पुराव्याने टिकतात, कोणते टिकत नाहीत, याची ती परखड तपासणी आहे. ज्यांना असा कुरुंदकर लाभला नाही ते गावातल्या कंपाउंडरला, ओळखीच्या फौजदाराला, पंचांग सांगणाऱ्या जोशीबुवांना विचारत. त्यात एक अडचण असे. विष किती द्यावे लागते, हे कंपाउंडरला विचारणे सोपे नव्हते. विचारलेच, तर संध्याकाळपर्यंत गावभर चर्चा होई.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. पुढच्या दोन दशकांत ती मोबाइलवरून खेड्यापाड्यांत पोचली आणि ही अडचण सरली. आता रात्री दोन वाजता, कोणालाही न लाजता, कोणताही प्रश्न टाकता येतो. लाज गेल्यामुळे प्रश्न मोकळे झाले, आणि मोकळे झाल्यामुळे विचित्र दिसू लागले.

मृत्यूविषयीचे प्रश्न यांत सर्वाधिक असतात, आणि चुकीची उत्तरेही तिथेच सर्वाधिक मिळतात. कारण सोपे आहे. शोधल्यावर वर येणारी पाने बहुतेक थंड हवेच्या देशांत लिहिलेली असतात. मरणोत्तर ताठरतेचेच पाहावे. मृत्यूनंतर स्नायू आखडतात आणि काही काळाने पुन्हा सैल होतात. तपास अधिकारी त्यावरून मृत्यूची वेळ काढतो आणि रहस्यकथेचा सगळा डोलारा त्या वेळेवर उभा असतो. जयसिंग मोदी यांच्या वैद्यकीय न्यायशास्त्रावरच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकाची पहिली आवृत्ती १९२० ची. भारतीय हवामानातली निरीक्षणे देणारे हे पुस्तक उत्तर भारतात हा ताठरपणा हिवाळ्यात साधारण २४ ते ४८ तास आणि उन्हाळ्यात १८ ते ३६ तास टिकतो असे सांगते. वैशाखात वऱ्हाडाचा पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हात पडलेल्या देहाला लंडनच्या नोव्हेंबरचे वेळापत्रक लावले, तर खुनी निर्दोष सुटेल आणि जाणता वाचक पुस्तक मिटेल.

सर्पदंशाचेही तसेच. इंग्रजीत विचारले की अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापाची माहिती पुढे येते. आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. या चारांची लक्षणे एकमेकांपासून इतकी वेगळी आहेत की लेखकाने साप निवडला की कथेचा वेगही निवडला जातो. घोणस चावली की जागा सुजते, वेदना असह्य होतात, रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. सूज जवळजवळ नसते, दुखतही फारसे नाही, कित्येकांना जागही येत नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, मग श्वास थांबतो. ‘नाग डसला आणि तो तत्क्षणी कोसळला’ हे वाक्य मराठीत शेकड्याने सापडेल. खऱ्या दंशात जे अनेक मिनिटांचे किंवा तासांचे अंतर असते, तिथेच बैलगाडी जुंपण्याची घाई, मांत्रिकाकडे जायचे की दवाखान्यात यावरचा वाद आणि वाटेतला नाला या सगळ्याला जागा मिळते. खरी माहिती कथेला अडवत नाही, उलट तिला घडायला अवकाश देते.

वैद्यकातल्या माहितीला सालही लागते. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत. महाडला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाने हृदयावर होणाऱ्या परिणामांचा अभ्यास केला आणि प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यूंचे प्रमाण फार खाली आणता येते हे दाखवले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तेव्हा १९७० च्या कोकणातला विंचू आणि १९९५ च्या कोकणातला विंचू यांचे कथेतले वजन सारखे नाही.

अशा अचूकतेने कथेबाहेरही उपयोग झाल्याची नोंद आहे. अगाथा ख्रिस्तीने पहिल्या महायुद्धात टॉर्की इथल्या दवाखान्यात औषधे बनवण्याचे काम केले होते. विषांचे तिचे ज्ञान तिथले. १९६१ च्या ‘द पेल हॉर्स’ या कादंबरीत तिने थॅलियमच्या विषबाधेची लक्षणे दिली. १९७७ साली लंडनच्या एका रुग्णालयात कतारहून आणलेल्या बालकाचे निदान डॉक्टरांना होत नव्हते. तीच कादंबरी वाचत असलेल्या परिचारिकेने थॅलियमचा संशय बोलून दाखवला, तो खरा निघाला आणि मूल वाचले.

काळाविषयीच्या शोधांत पहिला मान चंद्राचा. रात्रीचा प्रसंग लिहायचा तर उजेड किती होता हे ठरवावेच लागते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी, बुधवारी, पौष शुद्ध अष्टमीला झाली. अष्टमीचा चंद्र अर्धा असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. म्हणजे रणांगणातून निघालेल्यांना रात्रीचा पूर्वार्ध चांदण्यात आणि उरलेली रात्र अंधारात काढावी लागली. त्या अर्ध्या रात्रीत पाठलाग करणाऱ्यालाही दिसत होते, हे कळल्यावर प्रसंग वेगळाच लिहिला जातो. अशी तिथी-तारीख जुळवायला पूर्वी जंत्र्या लागत. शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि रॉबर्ट स्युएल यांचा ‘इंडियन कॅलेंडर’ हा ग्रंथ १८९६ चा. आज तेच गणित संगणक क्षणात करतो. ग्रहणांचे तर नासाने इसवी सनपूर्व २००० ते इसवी सन ३००० एवढ्या पाच हजार वर्षांचे कोष्टक सर्वांसाठी खुले ठेवले आहे. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा विदर्भावरून गेला होता. ते टिपायला ब्रिटिश खगोल संघटनेची तुकडी विदर्भातल्याच तळणीला आली होती आणि ॲनी माँडर यांनी तिथे सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे घेतली. अठराशे अठ्ठ्याण्णवच्या वऱ्हाडावर लिहिणाऱ्याला भर दिवसा अंधारलेले आभाळ असे आयते मिळते. गावाचे अक्षांश-रेखांश दिले की तिथे ग्रहण किती वाजता लागले आणि सूर्य किती झाकला गेला हेही काढता येते.

स्थळाचे शोध मात्र याहून अवघड, कारण गाव जागच्या जागी राहते आणि त्याच्याभोवतीचे राज्य बदलत जाते. मूर्तिजापूर तालुका १९०५ पूर्वी अमरावती जिल्ह्यात होता. कारंजा त्याच तालुक्यात. त्या वर्षी जुना वाशीम जिल्हा मोडला आणि मूर्तिजापूर अकोल्याला जोडला गेला. वऱ्हाड १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेला होता. स्वातंत्र्यानंतर तो मध्य प्रदेशात राहिला, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. वाशीम जिल्हा पुन्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. म्हणजे घर न बदलता कारंजा परिसरातले एखादे कुटुंब शंभर वर्षांत तीन जिल्ह्यांचे रहिवासी झाले. सुरुवातीला कल्पिलेल्या १९५५ च्या कथेतला फौजदार मध्य प्रदेश सरकारचा नोकर आहे, त्याची जिल्हा कचेरी अकोल्याला आणि उच्च न्यायालय नागपूरला. त्याला वाशीमच्या जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवले, तर कथेचा पायाच खचतो.

त्या वर्षीच्या बाजारात रुपयाचे सोळा आणे आहेत. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली. वजन शेर आणि मणात, किलो नंतरचा. शिवारात कपाशी, ज्वारी, तूर. आज सगळीकडे दिसणारे सोयाबीन या भागात १९८० नंतर पसरले, त्यामुळे १९५५ च्या धुऱ्यावरून हिरवेगार सोयाबीन दिसू लागले तर कास्तकाराच्या घरातला वाचक तिथेच थांबेल. कापूस विकण्याचा प्रसंग १९७२ नंतरचा असेल तर एकाधिकार खरेदी योजना आली, आणि तिच्याबरोबर खरेदी केंद्रावरच्या रांगाही. २००२ नंतरचा असेल तर बीटी बियाणे. १९५५ साली कारंजाहून मूर्तिजापूरला जाणारे पात्र शकुंतलेत, म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजच्या गाडीत बसेल. त्या गाडीला वाफेचे इंजिन १९९४ च्या एप्रिलपर्यंत होते, त्यामुळे १९९० च्या कथेतही धूर आणि शिट्टी चालेल. हे सगळे तपशील जालावर आहेत, पण एका ठिकाणी नाहीत. जिल्हा गॅझेटियर, रेल्वेप्रेमींनी जपलेल्या नोंदी, कृषी खात्याचे अहवाल, जुन्या वर्तमानपत्रांची छायाप्रत अशा विखुरलेल्या जागांतून ते वेचावे लागतात.

वेचताना मराठी लेखकाला दोन अडथळे लागतात. ते इंग्रजीत लिहिणाऱ्याला ठाऊकही नसतात. पहिला नावांचा. ब्रिटिश दप्तरात वाशीम ‘बासिम’ आहे आणि वऱ्हाड ‘बेरार’. आजच्या स्पेलिंगने शोधले तर १९१० चे अकोला गॅझेटियर समोर असूनही हाती काही लागत नाही. शिवाय गावे एकटी नसतात. नुसते ‘कामरगाव’ टाकले की अहिल्यानगर जिल्ह्यातले, पुणे रस्त्यावरचे कामरगाव पुढे येते. कारंजा तर वर्धा जिल्ह्यातही आहे आणि उरणजवळही. तालुका-जिल्हा जोडल्याशिवाय केलेला शोध परक्या गावाची माहिती आपल्या गावाच्या नावावर घालतो.

दुसरा अडथळा अक्षरांचा. ‘वऱ्हाड’ हा शब्दच घ्यावा. त्यातला ऱ्ह संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो: स्वतंत्र ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलंत आणि न दिसणारे जोडचिन्ह लावून. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, यंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. ‘ॲ’ या अक्षराचीही अशीच दोन रूपे आहेत. त्याहून मोठी हानी जुन्या फाँटांनी केली. युनिकोड रुळण्याआधी मराठीत जे लाखो मजकूर टंकले गेले ते त्या-त्या फाँटाच्या खाजगी सांकेतिक लिपीत आहेत. छापले की मराठी, शोधले तर निरर्थक चिन्हे. छायाप्रत करून चढवलेली असंख्य पुस्तकेही केवळ चित्रे आहेत, त्यांतला शब्द यंत्राला वाचता येत नाही. त्यामुळे ‘जालावर मराठीत काही नाही’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. पुष्कळ काही आहे, पण ते सापडत नाही. जे चांगले सापडते त्याची दखल घ्यायला हवी. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शब्दागणिक शोधता येतात, आणि मराठी विश्वकोशही जालावर आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पात्राच्या तोंडी कोणता शब्द शोभेल हे ताडायला मोल्सवर्थसारखा सोबती नाही.

आता संशयाचा भाग. लेखकाच्या मनातली धास्ती अगदीच निराधार नाही. मार्च १९४४ मध्ये ‘अस्टाउंडिंग’ या अमेरिकी मासिकात क्लीव्ह कार्टमिल यांची ‘डेडलाइन’ ही विज्ञानकथा आली. युरेनियम-२३५ चा बाँब तिच्यात इतका बारकाईने वर्णिला होता की गुप्त अणुप्रकल्पावर पहारा देणारे लष्करी अधिकारी संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या दारात आले. सगळी माहिती आधीच प्रसिद्ध झालेल्या वैज्ञानिक नियतकालिकांतली होती, असे चौकशीत निघाले. २००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल कंपनीने संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाखांवर ग्राहकांचे सुमारे दोन कोटी शोध, नावांऐवजी क्रमांक घालून, उघड केले. नुसत्या शोधांवरून एका वृद्ध स्त्रीची ओळख पत्रकारांनी काही दिवसांत पटवली. दुसऱ्या एका क्रमांकापुढे बायकोला मारण्याविषयीचे शोध होते. हा खुनी की रहस्यकथालेखक, यावर तेव्हा चर्चा रंगली आणि यादीवरून ते ठरवता येईना. शोधातून कुतूहल कळते, हेतू कळत नाही, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण नाही.

हेतू कशावरून ठरतो हे अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या एका खटल्यात दिसले. प्रणयकादंबऱ्या लिहिणाऱ्या नॅन्सी क्रॅम्प्टन-ब्रॉफी यांनी २०११ साली नवऱ्याचा खून कसा करावा या शीर्षकाचा निबंध लिहिला होता. जून २०१८ मध्ये त्यांच्या पतीचा गोळ्या घालून खून झाला. पिस्तुलाचे सुटे भाग आपण कादंबरीच्या अभ्यासासाठी घेतले, असा त्यांचा बचाव होता. न्यायाधीशांनी तो निबंध पुरावा म्हणून आणू दिला नाही. २०२२ मध्ये दोषी ठरवताना ज्युरीसमोर होते ते घटनास्थळाजवळ कॅमेऱ्यात दिसलेले वाहन, विम्याच्या रकमा आणि शस्त्रखरेदी. माणूस काय वाचतो यापेक्षा तो काय करतो, याला न्यायालयाने वजन दिले.

भारतातही विषाविषयी किंवा पंचनाम्याविषयी वाचणे हा गुन्हा नाही. २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टास्वामी निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मात्र गुन्ह्याच्या तपासात शोध-इतिहास पुरावा म्हणून येऊ शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींची पद्धत दिली आहे. एक कुंपण मात्र ठाम आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार बालकांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये शोधणे, पाहणे, उतरवून घेणे हाच गुन्हा आहे. त्या विषयावर लिहायचे तर न्यायालयांचे निकाल आणि मुलांसाठी काम करणारे समुपदेशक हा योग्य रस्ता, आणि तो पुरेसा आहे.

वऱ्हाडातल्या लेखकाला आणखी एक अनुभव येतो. शेतकरी आत्महत्येवर लिहिताना त्याने कीटकनाशकाचे नाव आणि मृत्यू हे शब्द एकत्र टाकले की पडद्यावर आधी मदतवाहिनी येऊ शकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. लेखकाला तो व्यत्यय वाटू नये; तेच शब्द टाकणारा दुसरा कोणी खरोखर अडचणीत असू शकतो. आत्महत्येची रीत तपशिलाने लिहिल्याने कथा सखोल होत नाही, हेही इथे नोंदवायला हवे. शोधण्यासारखे त्याच विषयात खूप आहे: बँकेची नोटीस कोणत्या भाषेत येते, पीक विम्याचा दावा कुठे अडतो, पंचायत समितीतली चौकशी कशी होते. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. पाठीवरचा पंप, डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, उलटा वारा, तोंडाला बांधायला एक दस्ती. त्या शेतात काय घडले याचा शोध घेणारे लेखन मराठीला हवे आहे.

यानंतर उरतात ते जालावर कुठेच नसलेले प्रश्न. उलंगवाडीच्या वेळी शेवटचा कापूस वेचताना बाया काय बोलतात. सालदाराचा हिशेब पाडव्याला कसा होई. बंडीचा आखरा मोडला तर सुतार काय घेई. रोडग्यांच्या गोवऱ्यांचा विस्तव कधी ‘उतरला’ म्हणायचा. यांची उत्तरे कामरगावात, कारंजात, मंगरूळपीरच्या बाजारात सत्तरी ओलांडलेल्या माणसांकडे आहेत. त्यांना विचारण्याची रीतही वेगळी. यंत्राला एका ओळीचा प्रश्न लागतो. माणसाला आधी आपण कोणाचे, कुठले हे सांगावे लागते, मग तो त्याच्या क्रमाने सांगतो, आणि न विचारलेल्या गोष्टीतच बहुधा हवे ते असते. मोबाइल इथेही कामाचा आहे: परवानगी घेऊन आवाज टिपावा, बोलणाऱ्याचे वय, गाव आणि तारीख लिहून ठेवावी, शब्द जसा उच्चारला तसाच उतरवावा, तो प्रमाण मराठीत बदलू नये.

जमवलेल्या माहितीतला फार थोडा भाग कथेत जातो. मण्यारीविषयी वाचलेली वीस पाने पात्राच्या जड पापण्यांच्या एका वाक्यात उतरतात, आणि उतरावीत तेवढीच. जिथे लेखकाने सोयीसाठी मुद्दाम बदल केला असेल, एखादी तारीख मागेपुढे केली असेल किंवा दोन गावांचे एक केले असेल, तिथे पुस्तकाच्या शेवटी दोन ओळींत तशी नोंद द्यावी. ऐतिहासिक कादंबऱ्यांत ही प्रथा आहे. वऱ्हाडच्या खेड्यावर लिहिलेल्या कादंबरीलाही ती तितकीच लागू आहे.